बैल विहिरीकडे पाठ करून चालतात

रोजच्या जगण्याचं चित्र काढायला फारसं काही माहीत असावं लागत नाही, असा समज चित्रकारांत आणि चित्र पाहणाऱ्यांत आजही आहे. देव काढायचा तर त्याची आयुधं माहीत हवीत, राजा काढायचा तर पोशाख, पगडी, दरबाराची रीत माहीत हवी. मग मोट हाकणारा गडी किंवा जात्यावर बसलेली बाई काय, ती तर डोळ्यांसमोरच आहे, कुणीही काढावी! हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. देवाच्या हातातलं कमळ चुकलं तर पुजारी हरकत घेईल. मोटेचा सोंदूर चुकला तर हरकत घेणारा माणूस चित्राच्या प्रदर्शनाला आलेलाच नसतो, म्हणून ती चूक तशीच राहते आणि पुढच्या चित्रात उतरते.

मोटेचंच घ्या. कोल्हापूर-कागल भागात सोंडेची मोट होती. कातड्याच्या त्या मोठ्या पोटाला दोन दोर. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून येतो आणि मोटेचं सगळं ओझं उचलतो. बारीक तो सोंदूर, तो खालच्या कण्यावरून येतो आणि मोटेची सोंड धरून ठेवतो. बैल धावेवरून उताराला लागले की मोट वर येते, थारोळ्यापाशी सोंड ताणून बाहेर ओढली जाते आणि पाणी आपोआप थारोळ्यात, तिथून पाटात पडतं. उतरताना मोटकरी नाड्यावर बसतो, त्याचं वजन बैलांच्या मदतीला येतं. मोट रिकामी झाली की बैल धाव चढतात, पण वळत नाहीत, मागं मागं पाऊल टाकत चढतात. म्हणजे मोटेचे बैल जातानाही आणि येतानाही विहिरीकडे पाठच करून असतात. कॅलेंडरांवर, पाठ्यपुस्तकांत, हॉटेलांच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘ग्रामीण जीवना’त विहिरीकडे तोंड करून निघालेले बैल दिसले की ओळखावं, की चित्रकारानं गाव पाहिलं आहे, पण गावाचं काम पाहिलेलं नाही.

पुढच्या पानांतला विषय हाच आहे: माणसांचं रोजचं काम चित्रात कसं येतं, कोण आणतं, आणि त्यातलं काय मागं राहतं. त्यासाठी मी कागलात उभा राहून पाहतो आहे. कागल हे काही चित्रकलेचं पीठ नाही. कोल्हापूरहून निपाणीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं, दूधगंगेच्या अलीकडचं, घाटग्यांच्या जहागिरीचं हे गाव. जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले, म्हणून इतिहासाला हे गाव माहीत आहे. ऊस, तंबाखू, गुऱ्हाळं, गैबीचा उरूस, आणि तालुक्यातल्या कापशीच्या चपला हे इथलं रोजचं जग. इथून एका बाजूला कोल्हापूरची मोठी चित्रपरंपरा दिसते, दुसऱ्या बाजूला या मातीतून निघालेला एक थोर लेखक दिसतो. त्या दोघांमध्ये जी रिकामी जागा राहिली आहे, ती मला अस्वस्थ करते.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते खोटं नाही. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ यांच्यावरचा पहाटेचा आणि संध्याकाळचा उजेड त्यांनी असा टिपला, की पुढच्या पिढ्यांनी कोल्हापूरचं पाणी त्यांच्याच डोळ्यांनी पाहिलं. 1931 साली ते गेले. त्यांच्यामागून आलेल्या बाबा गजबर, चंद्रकांत मांडरे अशा कितीतरी हातांनी निसर्गचित्राची ही वाट रुंद केली. पण त्या वाटेवर चालताना माणूस हळूहळू लहान होत गेला. घाटावर धुणं धुणारी बाई तांबड्या रंगाचा एक ठिपका झाली, औत धरलेला शेतकरी झाडाच्या सावलीत विरला. या चित्रांवर माझं प्रेम आहे, त्यांचा पाणीदारपणा अजोड आहे. तरीही मला विचारावंसं वाटतं, की त्या बाईच्या हातात काय होतं? धोपटणं की नुसतंच लुगडं?

हातात काय होतं याचं उत्तर देणारा चित्रकारही कोल्हापुरातच जन्मला. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म 18 मार्च 1867. 1890 साली ते जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून गेले, तिथंच शिक्षक झाले, 1930 मध्ये काही काळ संस्थेच्या संचालकपदाचा कार्यभारही त्यांच्याकडे आला, आणि 1931 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिलं. शिवराज्याभिषेक, पुराणकथा, लग्नसोहळे यांची त्यांची मोठी चित्रं गाजली. मला मात्र त्यांची छोटी कामं जास्त मोलाची वाटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पोस्टकार्डं रंगवली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (1912) आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (1920) या इंग्रजी पुस्तकांसाठीही त्यांची चित्रं आहेत. नऊवारीचा काष्टा कुणाचा कसा, पदर कुठून खोचलेला, टोपली डोक्यावर की कमरेवर, हे धुरंधरांना जेवढं कळलं तेवढं त्यांच्या काळात दुसऱ्या कुणाला क्वचितच कळलं असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी माणसांचा पेहराव पाहायचा तर आजही त्यांच्याकडेच जावं लागतं.

पण त्या चित्रांत काम थांबलेलं असतं. कोळीण टोपली घेऊन उभी आहे आणि ती आपल्याला दिसावी म्हणूनच उभी आहे. ग्राहक साहेब होता, त्याला इथल्या माणसांचे ‘नमुने’ हवे होते: ही अमुक जातीची स्त्री, हा तमुक धंद्याचा पुरुष. धुरंधरांच्या रेषेत माया आहे, म्हणून त्या बायका नमुना होता होता माणूस म्हणून वाचतात. ही त्यांची थोरवी. तरी चौकट ज्यानं आखली तो बाहेरचा होता, आणि ते चित्रात दिसतंच.

कोल्हापुरात रोजच्या जगण्याचं खरं मोठं चित्र निघालं ते कॅनव्हासवर निघालंच नाही. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवणारे. भाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला, आनंदराव 1916 मध्ये गेल्यावरही तो तडीस नेला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांनी नाव झालं असताना 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपटे यांची कथा, सावकाराच्या कागदापायी जमीन गमावून शहराकडे ढकलला गेलेला शेतकरी, आणि त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. अंधारातली झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा सांगितलं आहे. मला तिथं पडदे रंगवणाऱ्याचा हात दिसतो. आयुष्यभर राजवाडे आणि अरण्यं रंगवलेल्या माणसानं एकदा झोपडी रंगवायला घेतली आणि तिला राजवाड्याइतकंच महत्त्व दिलं.

आता कागलकडे येतो. आनंद यादव यांचा जन्म इथं 30 नोव्हेंबर 1935 रोजी झाला. बाप दुसऱ्याचा मळा करणारा, पोरानं शाळा सोडून मोट धरावी म्हणून हट्टाला पेटलेला; पोरगं शाळेसाठी जिवाच्या आकांतानं धडपडणारं. ही कहाणी ‘झोंबी’त (1987) आहे. पु. ल. देशपांडे यांनी तिला प्रस्तावना लिहिली, 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. मी ते पुस्तक चित्रांचं पुस्तक म्हणूनही वाचत आलो आहे. त्यात दारं धरणं आहे, खुरपणी आहे, रात्रीची राखण आहे, शेणघाण आहे, आणि प्रत्येक कामात शरीराचा कोणता भाग किती दुखतो हे आहे. चित्रकाराला नेमकी हीच माहिती लागते. ओझं उचलताना पाठ कशी वाकते हे ज्यानं ओझं उचललं आहे त्याला आतून कळतं. पाहणाऱ्याला ते अंदाजानं काढावं लागतं.

‘गोतावळा’ (1971) तर आणखी जवळचा. मळ्यात राबणारा नारबा आपल्या बोलीत बोलतो, जनावरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर दावणीवरून कमी होत जातं. मोटेच्या जागी इंजिनं आणि पुढं विजेच्या मोटारी आल्या, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. कागलच्या मळ्यांतला हा बदल यादवांनी घडत असताना लिहिला. त्या वर्षांत एखाद्या चित्रकारानं असाच आतून बसून एक मळा, एक दावण, एक गुऱ्हाळ वर्षभर काढलं असतं तर! कोल्हापूर अवघ्या काही मैलांवर होतं, रंग होते, शिकवणारे होते, शिकणारे होते. पण मोट हाकणाऱ्या पोरांच्या हाती ब्रश क्वचितच आला, आणि ज्यांच्या हाती ब्रश होता त्यांना रंकाळ्याचा उजेड पुरेसा वाटला. ती रिकामी जागा म्हणतो ती हीच.

ही जागा भरता येते याचा एक दाखला फार लांबचा आहे. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटी मुलखात राहणारे नवाहो स्वतःला दिने म्हणतात. 1863-64 मध्ये अमेरिकी फौजेनं त्यांची पिकं जाळली, पीचची झाडं तोडली, मेंढरं मारली आणि हजारो माणसांना शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. 1 जून 1868 च्या तहानंतर ते आपल्या मुलखात परतले आणि त्यांनी मेंढरांवर पुन्हा संसार उभा केला. मेंढी, लोकर, माग आणि मका यांभोवती त्यांचं जग फिरे. चित्र म्हणाल तर त्यांच्याकडे वाळूचं चित्र होतं, आजाऱ्याला बरं करण्याच्या विधीसाठी रंगीत वाळूनं जमिनीवर काढायचं आणि विधी संपला की पुसून टाकायचं. ते पवित्र, म्हणून ठेवायचं नाही.

1932 मध्ये सांता फे इथल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत डोरोथी डन या शिक्षिकेनं चित्रकलेचा वर्ग काढला. 1937 पर्यंत ती तिथं होती. हॅरिसन बेगे, जेराल्ड नेलर, क्विन्सी टाहोमा, अँड्र्यू त्सिनाजिनी ही नवाहो मुलं त्या वर्गातून पुढं आली. त्यांनी काढलं ते घरचं रोजचं काम: उभ्या मागापुढं बसलेली बाई, लोकर पिंजणारी म्हातारी, मेंढरं राखणारी पोर, घोडा, मक्याचं शेत. चित्रात क्षितिज नाही, आभाळ नाही, सावली नाही, कागद मागं मोकळा सोडलेला. पण मागाचा दांडा, ताणा, विणणारीच्या हातातली फणी हे सगळं जागच्या जागी. पोरं घरापासून दूर वसतिगृहात होती आणि आईचा माग आठवणीतून काढत होती. आठवणीत पार्श्वभूमी पुसट होते, हत्यार होत नाही.

आणि एक गोष्ट मला विसरता येत नाही. 1933 पासून सरकारनं, जमिनीची धूप होते या कारणानं, नवाहोंची मेंढरं कमी करण्याची मोहीम काढली. मेंढरं विकत घेतली, मारून टाकली, कुठं जागेवरच सोडून दिली. म्हणजे शाळेतली पोरं कागदावर कळप रंगवत होती त्याच वर्षांत घरच्या वाड्यांतून कळप नाहीसे होत होते. त्या शांत, हलक्या रंगांच्या चित्रांकडे मग नुसत्या कौतुकानं पाहता येत नाही.

डनच्या वर्गावर पुढं टीका झाली आणि ती योग्य होती. आदिवासी चित्र सपाटच असावं, छायाप्रकाश शिकायचा नाही, हा नियम बाहेरच्या शिक्षिकेचा होता आणि विकत घेणाऱ्यालाही तेच हवं होतं. तिच्याच विद्यार्थ्यांतला अपाची कलावंत ॲलन हाउझर पुढं या चौकटीबद्दल स्पष्ट बोलला. म्हणजे धुरंधरांच्या पोस्टकार्डांवरचा साहेब तिथंही होताच. फरक एवढाच की चौकट बाहेरच्याची असली तरी आतला माग स्वतःच्या घरचा होता. आणि ही मुलं चौकटीतच अडकून पडली असंही नाही. जेराल्ड नेलरनं 1942-43 मध्ये विंडो रॉक इथल्या नवाहो सभागृहाच्या भिंतींवर आपल्या लोकांचा इतिहास रंगवला. आजही त्यांची परिषद त्या भिंतींमध्ये बसते.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस कागलचा नाही, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. वारली लग्नातला चौक सवाशिणींनी काढायचा, मधे पालघट देवी, तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथं कागद घेऊन पोचले आणि म्हसेंचा हात चौकाबाहेर निघाला. मग लावणी आली, मळणी आली, आणि ते मासेमारीचं जाळं आलं, ज्याचे हजारो बारीक टाके मोजत बसावेत. त्रिकोणांची माणसं, पण वाकलेला माणूस नेमका कुठून वाकला आहे हे त्यात कळतं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. वारली रेघ पुढं पिशव्यांवर आणि कपबशांवर इतकी पसरली, की तिच्यातलं काम निघून गेलं आणि नाच तेवढा उरला. म्हसेंचं मूळ काम पाहावं म्हणजे फरक कळतो.

कामाच्या चित्रात आणखी एक गोष्ट शोधावी लागते, आणि ती आपल्या भागात टाळून चालणार नाही. मोटेच्या चित्रात बैल असतो, मोटकरी असतो, विहीर असते. मोटेचं कातडं कमावलं ढोरानं, ती शिवली चांभारानं, नाडा आणि सोंदूर वळले मांगानं. ते चित्रात नसतात. हत्यार दिसतं आणि ते घडवणारा हात गावाबाहेर राहतो, जसा गावात राहत होता तसाच. शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतनं रद्द केली. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी माणगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, ते माणगाव कागल जहागिरीतलंच. ज्या मुलखात बलुत्याच्या कामाचा प्रश्न इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे मांडला गेला, त्या मुलखाच्या ग्रामचित्रांत दोर वळणारा माणूस मधोमध बसलेला असायला हवा होता. कापशीच्या चपलेला आज जगभर नाव आहे, 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण चित्रांत चप्पल येते ती पैलवानाच्या किंवा पाटलाच्या पायात.

बायकांच्या कामाचंही तसंच. पाणवठ्यावरची बाई चित्रकारांना आवडते, कारण घागर घेतल्यावर शरीराला डौल येतो. तंबाखूच्या वखारीत दिवसभर धुळीत बसून नाकातोंडाला पदर बांधलेली बाई कुणाला आवडत नाही. कागल-निपाणी पट्ट्यातल्या हजारो घरांची चूल ज्या कामावर पेटली, ते काम चित्रात आणताना डौलाचा शोध सोडून द्यावा लागेल.

आणि गुऱ्हाळ! हा विषय चित्रकारासाठीच जन्मला आहे असं मला नेहमी वाटतं. पहाटेचा अंधार, चुलवाणाचा तांबडा उजेड खालून, काइलीतून उठणारी पांढरी वाफ, आणि त्या वाफेत अर्धी दिसणारी माणसं. जळव्या चिपाडं सारतो आहे. रसात भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती काढून टाकायची. गुळव्या काइलीशेजारी उभा राहून फेसाचा रंग आणि बुडबुड्यांचा आवाज यांवरून पाक ओळखतो, थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. क्षणभर उशीर झाला की सगळं आदण करपतं. तो क्षण त्याच्या चेहऱ्यावर असतो. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाचं नाव देशभर गेलं. गुऱ्हाळाची चित्रं निघाली आहेत, नाही असं नाही. बहुतेकांत वाफ सुरेख आहे. गुळव्याचा चेहरा शोधावा लागतो.

पुढची चित्रं पाहताना वाचकानं आधी सौंदर्याकडे पाहू नये, हातांकडे पाहावं, असं मी सुचवीन. दोर कुठून येतो आणि कुठं जातो, वजन कोणत्या पायावर आहे, हत्याराची मूठ झिजलेली आहे का, काम कोण करतं आहे आणि कोण नुसतं उभं आहे. एवढं पाहिलं की चित्र सुंदर आहे की नाही ते आपोआप कळतं.

मोट हाकलेली माणसं कागल भागात अजून आहेत. ती आता म्हातारी झाली आहेत. या चित्रांच्या प्रती त्यांच्यापुढं ठेवाव्यात आणि ती काय चुकलं म्हणून सांगतात ते चित्राच्या समासात लिहून घ्यावं, ही माझी इथल्या चित्रकारांना आणि शाळामास्तरांना कळकळीची विनंती आहे. काम विसरलं जातं ते आधी तपशिलातून. आणि आजची कामं तर काढायला सुरुवातच व्हायची आहे: पाल ठोकून राहणारी ऊसतोड टोळी, कोयत्याच्या एका घावात बुडखा छाटणारी बाई, पहाटे पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी सायकली लावणारी पोरं, दूध संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सासवा-सुना. यांतलं कुणी उद्या स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन बसलं, तर त्याला सपाट काढ की छायाप्रकाशात काढ हे आपण सांगू नये. फक्त कागद द्यावा, आणि हवा तेवढा वेळ.